शालूताई, माझे हात मागेच आहेत

ताई, अमरधामच्या स्मशानात सगळ्यांनी तुम्हाला हात जोडले. मी नाही जोडले. मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले, एका हाताचं मनगट दुसऱ्या हातात घट्ट पकडून, तुम्ही शिकवलं होतं तसं. तुमच्या कोणी लांबच्या मावशी होत्या, त्यांनी मला कोपराने ढोसलं. "अगं, नमस्कार कर. सहलीला आल्यासारखी काय उभी आहेस?" मी हलले नाही. या बाईने मला पावसाळाभर ओरडून ओरडून एकच गोष्ट शिकवली आणि ती हीच, हे त्यांना काय सांगत बसणार? तुम्ही असतात तर त्या मावशींनाच दटावलं असतंत.

मला तुमचा राग आलाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. भांडण अर्ध्यावर टाकून कोणी जातं का? आणि तेही असं, रविवारी सकाळी चहाचा कप ओट्यावर ठेवून, कोणाला हाक न मारता. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता. असेल. तुमचं सगळंच मोठं असायचं, आवाज, हट्ट, कुंकू. पण शुक्रवारी आपलं बोलणं तुटलं ते तुटलंच, आणि आता मी एकटीनेच दोन्ही बाजूंनी भांडायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

त्यात भर म्हणजे, तुमच्याच नावाने तुमचं खाचर बुजवायला निघालेत लोक. आज दुपारी तुमच्या शोकसभेत हार घालून, टाळ्या वाजवून ठरलं ते. ठरलं म्हणजे ठरवायला घेतलं. मी आहे अजून.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही नेहमी तुमच्या बाजूनेच सांगायचात.

कॉलेजातून शिकाऊ कामाची प्लेसमेंट लागली तेव्हा माझ्या वर्गातल्या पोरींना मोठमोठी हॉस्पिटलं मिळाली. एसी, लिफ्ट, कॅन्टीनमध्ये डोसा. आणि मला? मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधे, तारेचं कुंपण घातलेलं एक रान. मुलांसाठी निसर्गाच्या सान्निध्यात ऑक्युपेशनल थेरपी. मी पांढरा कोट कडक इस्त्री करून आले होते. तुम्ही साडी घोट्याच्या वर खोचून, अनवाणी, एका पोराबरोबर शेणखताच्या ढिगावर बसला होतात. मला वरून खाली पाहिलंत आणि म्हणालात, "कोट त्या चिंचेला टांग. आणि चपला काढ."

संध्याकाळी घरी फोन केला तर आई म्हणाली, "एवढी शिकली आन परत गाऱ्यातच?" मी फोन ठेवून दिला. सुरगाण्याच्या पलीकडे डोंगरात आमचं घर. भात आणि नागली. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत गुडघाभर चिखलात उभं राहून मी दहावीचे धडे पाठ केलेत. त्या चिखलातून बाहेर पडायला मी नाशिकला आले. आणि तुम्ही, ताई, तुम्ही लोकांच्या पोरांना मुद्दाम चिखलात उतरवत होतात! त्यासाठी तिथे पाटीसुद्धा होती, "संवेदन क्षेत्र". मी ती पाहून फिस्सकन हसले.

"हसायला काय झालं?"

"काही नाही ताई. आमच्याकडे याला खाचर म्हणतात."

"कुठलं गाव तुझं?"

"सुरगाण्याकडचं."

दुसऱ्या दिवशी आले तर पाटीवरची जुनी अक्षरं खरवडलेली आणि वर निळ्या ऑइलपेंटने, तिरकं तिरकं, "खाचर". तुमचं अक्षर इतकं भयंकर होतं की शेजारच्या बागेतले मजूर विचारायला आले, इथे काय खच्चर पाळलंय का म्हणून. तुम्ही हसून हसून खाली बसलात. त्या दिवशी मला तुम्ही पहिल्यांदा आवडलात. तोंडावर म्हटलं नव्हतं, आता म्हणते.

तुमची पद्धत समजायला मला वेळ लागला. कॉलेजात आम्ही शिकलो होतो की ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रोजचं जगणं जमवून देणं. शर्टाचं बटण लावणं, घास तोंडापर्यंत नेणं, वर्गात बाकावर टिकून बसणं. तुम्ही तेच सगळं खोलीतून उचलून बाहेर आणलं होतंत. तोल सावरायला मशिनऐवजी चिंचेची आडवी फांदी. हातात जोर यायला पाण्याची बादली, ती टोमॅटोच्या वाफ्यापर्यंत न सांडता न्यायची. बोटांना वळण लागायला शेंगा सोलणं, आणि सोललेल्या शेंगांतल्या अर्ध्या तुम्ही स्वतः खायच्या. शेजारी फवारणी सुरू झाली की तोंडाला पदर लावून सगळी वरात घेऊन मागच्या बांधावर पळायचं, आणि पळता पळता पोरांना वाटायचं की हाही खेळच.

आणि तो तुमचा नियम. माझ्या पहिल्याच आठवड्यात एक मूल फांदीवर चढत होतं, त्याचा पाय लटपटला, मी झटकन हात पुढे केला. तुम्ही तिकडून, पार विहिरीजवळून ओरडलात, "हात मागे!" इतक्या जोरात की बगळे उडाले.

"ताई, पडेल तो!"

"पडला तर पडेल. खाली माती कशाला आहे मग? तो पडत नाहीये, हिरा, तुझाच जीव खाली पडलाय. तो उचल आणि हात मागे घे."

मला वाटलं, काय बाई आहे ही. मग तुम्ही स्वतः त्या मुलाजवळ जाऊन उभ्या राहिलात. इतक्या जवळ की त्याच्या धापा तुमच्या पदराला लागत होत्या. डोळे त्याच्या पायावर, हात मागे, मनगट मनगटात. तेव्हा मला समजलं की हात मागे म्हणजे लक्ष मागे नाही. पुढे कितीतरी वेळा वाटलं की हात पुढे करणं सोपं असतं, त्याने आपल्यालाच बरं वाटतं. पण हेही तुम्हाला तोंडावर सांगितलं नाही. तुम्ही आधीच कमी का शेफारला होतात!

मग श्रावणात एका रविवारी तुम्ही आमच्या गावी आलात. "तुझं खरं खाचर दाखव" म्हणून माझ्या मागे लागला होतात. जीपमध्ये पाठीमागे, कोंबड्यांच्या टोपलीशेजारी, गुडघे पोटाशी घेऊन बसलात आणि घाटात प्रत्येक वळणाला "आई गं" म्हणत होतात. आमच्याकडे आवणी मागे पडली होती, अर्धं रान अजून लावायचं होतं. तुम्ही आलात तशा साडी खोचून सरळ पाण्यात उतरलात. आमचे सगळे वाकून रोपं लावतायत, पाऊस मानेवर, आणि तुम्ही चिखलात उभ्या, हात पाठीमागे धरून, कौतुकाने बघताय!

आई कंबर सरळ करून म्हणाली, "बाई, हात मागं काय धरलं? हात चालवा की!"

माझ्या चुलत्यांना हसू आवरेना. तुम्ही लाल झालात. मग आईने तुमच्या हातात रोपांची जुडी कोंबली आणि तुम्ही लावायला लागलात. वाकडी, उंच, एकमेकांच्या अंगावर. आई मागून येऊन तुमची रोपं उपटून पुन्हा लावत होती. बांधावर माझ्या मोठ्या बहिणीची लेक कडेवर धाकट्याला घेऊन उभी होती. ती सहा वर्षांची. तुम्ही तिच्याकडे बराच वेळ बघत होतात.

परतीच्या जीपमध्ये मी तुम्हाला म्हटलं, "ताई, आमच्याकडे पोरांसाठी कोणी हात मागे धरत नाही. कारण हात मोकळेच नसतात." तुम्ही गप्प बसलात. तुम्ही, गप्प! नाशिकपर्यंत एकदाही "आई गं" म्हणाला नाहीत. आपल्या भांडणाचं बी तिथे पडलं.

ते उगवलं आयेशावरून.

आयेशा दर बुधवारी यायची. वडाळ्यातून, आई रिझवानाबरोबर, दोन सिटीबस बदलून. रिझवानाचं माहेर मालेगावचं, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळे तिचा आवाज सगळ्यांपेक्षा वरचा. घरी बसून कपड्यांना काजं-बटणं करायची, आणि बुधवार म्हणजे तिचा अर्धा रोज बुडायचा. आयेशाला स्पर्श सोसायचा नाही. मऊ गादी नको, ओलं फडकं नको, कुणाचा हात नको. चालायची ती फक्त चवड्यांवर, टाच कधी टेकायचीच नाही. जमीन तापलेला तवा असावी तसं. खाचराच्या कडेने सिमेंटची एक पट्टी आहे, तिथे ती येऊन बसायची, चप्पल घालून, आणि सगळ्यांकडे पाठ करून.

आणि तुम्ही काय करायचात? काही नाही! तुम्ही तिच्यापासून थोड्या अंतरावर पाय चिखलात सोडून बसायचात आणि आपल्या आपण खेळायचात. चिखलाची भाकरी थापायची, उलथायची, "करपली गं बाई" म्हणून टाकून द्यायची. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. जून गेला, गणपती गेले, दसरा गेला. इतर पोरं लोळून माखून घरी जायची आणि आयेशा जशी यायची तशी कोरडी जायची. रिझवाना चिंचेखाली बसून बटणं लावायची आणि मधूनमधून मान वर करून बघायची.

माझी प्लेसमेंट दिवाळीला संपली. तरी मी येत राहिले, तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. आणि मग तो शुक्रवार आला. मुलं गेली होती, आपण बादल्या धूत होतो. मी म्हटलं, "ताई, येत्या बुधवारी मी आयेशाचा हात धरून तिला खाली उतरवते. एकदाच. एकदा कळलं की माती खात नाही, की सुटेल."

"नाही."

"का नाही?"

"ती येईल तेव्हा येईल."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी बादली आपटली. मी म्हटलं, "वाट बघणं ही भरल्या पोटाची चैन आहे ताई! तुम्हाला जमतं कारण तुमचं कुठे काही बुडत नाही. रिझवानाचं बुडतं. ती बाई दोन बस बदलून येते, नवऱ्याचं ऐकून घेते, सासू विचारते, इतके महिने गेलीस, पोरगी चिखलात बसायला शिकली का? तेही नाही! त्यांना तुमचं भाकरी थापणं बघायला परवडत नाही."

तुम्ही ओल्या हातांनी चष्मा वर सरकवलात. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण तुम्ही म्हणालात, "तुझं बरोबर आहे, हिरा. अगदी बरोबर आहे. आणि तरीही, हात मागे."

हे काय उत्तर झालं का, ताई? बरोबर आहे तर ऐका ना! मी तशीच पाय आपटत निघाले. गेटपाशी तुम्ही हाक मारलीत, "अगं, पेरू तरी घेऊन जा." मी घेतला नाही. रविवारी तुम्ही गेलात.

मला त्या पेरूचं वाईट वाटत नाहीये, हे नीट ऐका. राग आला होता तर आला होता. मला वाईट वाटतंय ते याचं की त्या उत्तराचा पुढचा अर्धा भाग तुमच्याजवळ होता आणि तो तुम्ही घेऊन गेलात.

आता आजचं ऐका.

आज बुधवार. शोकसभा आपल्याच जागेवर ठेवली होती. तुमचे धाकटे भाऊ, अरुणदादा, आता जागेचं सगळं तेच बघणार. वाईट माणूस नाही तो, हे मी मान्य करते. तुमचा फोटो लावताना त्यांनी काच स्वतःच्या शर्टाने पुसली. पण काल त्यांनी माणसं लावून जागा झाडून घेतली. पाचोळा गोळा करून जाळला. तो पाचोळा पायाखाली वाजतो म्हणून दोन मुलं नुसती त्याच्यावर चालायला यायची, ते त्यांना कोण सांगणार? पोरांना धरायला फांदीला बांधलेले दोर सोडले. आणि पाहुण्यांच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून खाचरावर मुरूम टाकला, वर रोलर फिरवून गुळगुळीत. तुमच्यावरच्या प्रेमापोटी त्यांनी तुमचंच सगळं पुसून काढलं.

मी लवकर गेले होते खुर्च्या लावायला. ते बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडवीतून फावडं काढलं. मुरूम फार जाड नव्हता. सिमेंटच्या पट्टीच्या बाजूचा एवढा एवढा तुकडा ओढून काढला, खालची काळी माती उकरली आणि पाण्याचा पाइप सोडून दिला. लोक यायला लागले तेव्हा मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखल तुडवत होते. मातीत पाणी मुरवायचं तर तुडवावंच लागतं, हे मला कॉलेजात शिकवलेलं नाही. आमच्या विभागप्रमुख बाईंनी लांबूनच कपाळाला हात लावला.

तेवढ्यात रिझवाना आली, आयेशाला घेऊन. माझ्याजवळ येऊन ती दबक्या आवाजात बोलली, तिला जमेल तितक्या. "मालूम है बाई, ताई गेल्या. पण हिला कसं समजावू? सुबह से चप्पल पहन के बैठी है. आज बुधवार है ना." आणि मग तिचा तोच मोठा आवाज फुटला आणि ती रडायला लागली, आणि मी, जी तीन दिवस दात आवळून होते, मीही रडले. झालं तुमच्या मनासारखं?

आयेशा आपली नेहमीच्या जागी, सिमेंटच्या पट्टीवर जाऊन बसली. पण आज तिने पाठ केली नाही. ती तुमची बसायची जागा बघत होती. तिथे कोणी भाकरी थापत नव्हतं.

भाषणं झाली. तुम्ही किती शांत आणि सोशिक होतात, हे एका गृहस्थांनी सांगितलं. मी जवळजवळ उठून त्या गृहस्थांना विचारणार होते की ते चुकीच्या सभेला तर आले नाहीत ना. मग अरुणदादा उभे राहिले. त्यांनी सांगितलं की ताईच्या स्मरणार्थ इथे एक सुंदर हॉल बांधायचा. एसी, कॅमेरे, मऊ फरशी, आणि खाचराच्या जागी कृत्रिम हिरवळ. स्वच्छ आणि सुरक्षित. "पालक येतात, चिखल बघतात आणि परत जातात. ताईने जन्मभर चिखल काढला, आता तिच्या नावाने काहीतरी नीटनेटकं उभं राहू दे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरवळीच्या गुंडाळ्या टेम्पोतून आलेल्याच होत्या, गेटबाहेर उभ्या.

मी उठले. पायाला पोटरीपर्यंत चिखल, हातात अजून फावडं, बरं दिसत नसेल. विभागप्रमुख बाईंनी माझी ओढणी ओढली, "हिरा, खाली बस." मी म्हटलं, "दादा, ताईंना नीटनेटकं काही आवडायचं नाही, तुम्ही त्यांच्या घरातली कपाटं पाहिली असतील. त्या हिरवळीला वास आहे का? ती ओली होते का? तिच्यात पाय रुततो का? इथे येणारी मुलं घरी फरशीवरच असतात, शाळेत फरशीवरच असतात. फरशीसाठी त्यांच्या आया बस बदलून येत नाहीत." आणखी बरंच बोलले. काही वाकडंही बोलले, ते लिहीत नाही.

अरुणदादा म्हणाले, "तुझी प्लेसमेंट संपलीय ना, बाळ?"

मी फावडं मातीत रोवलं, ताई. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि तेवढ्यात मला चप्पल काढल्याचा आवाज आला.

आयेशाने एक चप्पल काढून बाजूला ठेवली होती. मग दुसरी. ती पट्टीच्या कडेला सरकली. मी फावडं टाकलं आणि तिच्याजवळ गेले, जितकं जवळ तुम्ही गेला असतात तितकं. माझे हात, शपथ सांगते, आपोआप पुढे निघाले होते. ती अख्खा पावसाळा थांबलीय, रिझवाना थांबलीय, एवढे लोक बघतायत, नुसतं बोट लावलं असतं तरी झालं असतं. मी हात मागे घेतले. मनगट इतकं आवळलं की अजून लाल आहे.

तिने अंगठा टेकवला आणि चटका बसल्यासारखा वर ओढला. किंचाळली. खुर्च्या सरकल्या. "अरे, पडेल ती, धरा कोणीतरी!" म्हणत अरुणदादाच धावत आले, दोन्ही हात पुढे करून.

आयेशाने त्यांच्याकडे पाहिलं. ती पोर घरी हिंदीत चार शब्द बोलते, आमच्याशी तर तेवढेही नाही. ती तुमच्या आवाजात, अगदी तुमच्या त्या विहिरीजवळच्या आवाजात ओरडली, "हात मागे!"

अरुणदादा जागच्या जागी थांबले. लहानपणी तुम्ही त्यांनाही असंच ओरडत असाल बहुतेक, कारण त्यांचे हात लगेच मागे गेले. चांगले साठीला आलेले गृहस्थ, हात पाठीमागे.

आयेशाने पाय पुन्हा खाली सोडला. बोटं. मग चवडा. तिथे ती बराच वेळ थांबली. आणि मग तिने टाच टेकली, ताई. टाच! चिखल तिच्या बोटांच्या मधून वर आला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. रिझवानाच्या हातातली बटणं खाली सांडली, ती वेचायलासुद्धा कोणी वाकलं नाही.

एवढंच झालं. दुसरा पाय तिने सिमेंटवरच ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "पानी." आम्ही पाय धुतला, ती चप्पल घालून बस पकडायला गेली. चमत्कार वगैरे काही नाही. सभा तशीच पांगली. अरुणदादा तुमच्या फोटोसमोर जाऊन बसले. टेम्पोवाल्याने विचारलं, माल उतरवायचा का? ते म्हणाले, "आज नको." उद्याचं काही बोलले नाहीत. मी विचारलं तेव्हा "बघू" म्हणाले.

बघा म्हणावं. मीही बघते.

तर आता तुमच्या उत्तराचं. आयेशाचा हात धरला असता तर तो पाय माझा झाला असता, तिचा नाही. तुम्ही बरोबर होतात. आणि तरीही, ताई, दोन बस आहेतच. रिझवानाचा रोज बुडतोच. तुमच्याकडे याला उत्तर नव्हतं, म्हणून तुम्ही जीपमध्ये गप्प बसलात, हे मला तेव्हाच समजलं होतं. म्हणून मी ठरवलंय. शनिवारी मी या खाचरातली माती दोन घमेल्यांत भरून वडाळ्याला नेणार. रिझवानाच्या दारात ओतणार. तिच्या सासूसमोर, गल्लीतल्या सगळ्या पोरांसमोर. गल्ली घाण झाली म्हणून ओरडतील. ओरडू देत. मी तिथे भाकऱ्या थापत बसेन आणि हात कुणालाच लावणार नाही. नियम तुमचा, पत्ता माझा. पटत नसेल तर या आणि भांडा.

हे लिहितेय ते चिंचेखाली बसून. पाय अजून धुतलेले नाहीत. फोन वाजतोय, आई असेल, तिला सांगेन की गाऱ्यातच आहे. गेटबाहेर टेम्पोवाला हिरवळीच्या गुंडाळीला टेकून झोपलाय. तो उठेल, पुन्हा विचारेल. अरुणदादा उद्या कदाचित हो म्हणतील. नोटीस लावतील, कॉलेजला कळवतील, मला गेटवर अडवतील. मी कुंपणावरून येईन. डोंगरातली आहे मी.

आयेशाचा दुसरा पाय अजून सिमेंटवर आहे, ताई. तो खाली येईपर्यंत हे खाचर मी कुणाच्या बापाला बुजवू देणार नाही.